पायना : सुश्रुतोक्त शस्त्रसंस्कार आणि आजची विद्युत् भट्टी

सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानातील आठवा अध्याय, शस्त्रावचारणीय, प्रत्येक आयुर्वेद स्नातकाने अभ्यासलेला असतो. वीस शस्त्रांची नावे, त्यांची अष्टविध कर्मे, शस्त्रसंपत्, शस्त्रदोष आणि त्रिविध पायना हे सारे परीक्षेच्या निमित्ताने मुखोद्गत होते. यांपैकी नावे आणि कर्मे पुढे शल्यतंत्राच्या अध्यापनात पुन्हा भेटतात. पायना मात्र क्षार, उदक आणि तैल या तीन शब्दांतच संपते. शस्त्राला तीन निरनिराळ्या द्रवांत बुडवावयाचे ते का, केव्हा, किती तापवून आणि त्याने लोहात नेमके काय घडते, हा प्रश्न सहसा विचारला जात नाही.

या प्रश्नाचे उत्तर आज आपल्या औषधनिर्माणशाळांच्या आवारातच उपलब्ध आहे. भस्मनिर्मितीसाठी अनेक निर्मात्यांनी विद्युत् भट्टी, म्हणजेच मफल फर्नेस, स्वीकारली आहे. तापमान अंशांत मोजून ते स्थिर ठेवणारे हे उपकरण आहे, आणि साध्या कार्बनी पोलादाच्या पात्याला पाणी देण्यासाठी नेमकी हीच सोय लागते. प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन असे की, पायना ही केवळ बुडविण्याची क्रिया नव्हे. योग्य ताप, योग्य माध्यम आणि नंतरचे सौम्य पुनस्तापन अशा तीन पायऱ्यांचा तो संस्कार आहे. त्यांतील मधली पायरी ग्रंथाने सांगितली, उरलेल्या दोन कर्माराच्या हातात राहिल्या. त्या दोन समजल्याखेरीज मधलीचा अर्थ लागत नाही.

ग्रंथोक्त विषय

पायना या शब्दाचा मूळ अर्थ पाजणे. मराठीत लोहार पात्याला ‘पाणी देतो’ किंवा ‘पाणी पाजतो’, उत्तम शस्त्राला आपण ‘पाणीदार’ म्हणतो. बोलीने हा पारिभाषिक शब्द जवळजवळ जसाच्या तसा सांभाळला आहे.

सुश्रुतांच्या मते क्षारात पाजलेले शस्त्र बाण, शल्य आणि अस्थी यांच्या छेदनासाठी, उदकात पाजलेले मांसाच्या छेदन, भेदन आणि पाटनासाठी, तर तैलात पाजलेले सिरावेध आणि स्नायुच्छेदनासाठी योजावे. त्यानंतर धार लावण्यासाठी उडदाच्या वर्णाची गुळगुळीत शिळा आणि धार टिकविण्यासाठी शाल्मलीची फळी सांगितली आहे. भेदन शस्त्रांची धार मसुराएवढी, लेखनाची अर्ध्या मसुराएवढी, व्यधन व विस्रावणाची केसाएवढी आणि छेदनाची अर्ध्या केसाएवढी असावी, असे धारेचे मानही दिले आहे. वक्र, कुंठ, खंड, खरधार, अतिस्थूल, अत्यल्प, अतिदीर्घ आणि अतिह्रस्व हे आठ शस्त्रदोष होत. त्यांतील खरधार हा दोष करपत्राच्या बाबतीत मात्र गुण ठरतो, कारण करवतीला दातेरी धारच हवी.

याच अध्यायातील आणखी एका निर्देशाकडे लक्ष वेधणे आवश्यक आहे. बुद्धिमान वैद्याने ही शस्त्रे शुद्ध, तीक्ष्ण लोहाची आणि आपल्या कर्मात निष्णात अशा कर्माराकडून करवून घ्यावीत, असे तेथे म्हटले आहे. वैद्याने स्वतः घण चालवावा अशी अपेक्षा नाही. मात्र काय मागावयाचे आणि मिळालेली वस्तू कशी पारखावयाची, हे त्याला ठाऊक असले पाहिजे. वाग्भटांनी अष्टांगहृदयात शस्त्रांची संख्या सव्वीस सांगितली आणि शस्त्रकोशाचे वर्णनही केले. वैद्यकाच्या बाहेर पाहिल्यास वराहमिहिरांच्या बृहत्संहितेतील खड्गलक्षणात केळीच्या क्षारात ताक मिसळून, ते एक दिवस ठेवून, त्यात लोह पाजण्याचा विधी आढळतो. अशा शस्त्राची धार दगडावरही भंगत नाही, असे त्याचे फळ सांगितले आहे. अर्थात पायना ही विद्या वैद्य आणि शस्त्रकार या दोघांच्या सामाईक मालकीची होती.

लोहात काय घडते

शुद्ध लोह मृदू असते. त्यात शेकडा अर्ध्यापासून एक टक्क्यापर्यंत कार्बन मिसळला की ते पाणी देण्यायोग्य पोलाद होते. रसशास्त्रातील मुंड, तीक्ष्ण आणि कांत या भेदांपैकी ‘तीक्ष्ण’ म्हणजे असे पोलाद, हा अर्थ अनेक अभ्यासकांनी स्वीकारला आहे, आणि तो नावाशी सुसंगतही आहे.

सामान्य तापमानाला या पोलादातील कार्बन लोहाशी संयोग पावून सूक्ष्म पापुद्र्यांच्या रूपाने वेगळा राहतो. ७२७ अंश सेल्सिअसच्या वर लोहाच्या स्फटिकांची रचना पालटते आणि कार्बन त्यात विरघळू लागतो. या अवस्थेला ऑस्टेनाइट म्हणतात. येथून पात्याचे भवितव्य ते किती वेगाने थंड होते यावर अवलंबून असते. सावकाश थंड केल्यास कार्बनला बाहेर पडण्यास अवधी मिळतो आणि पोलाद पुन्हा मृदू होते. एकाएकी थंड केल्यास कार्बन जागच्या जागी अडकतो, स्फटिक ताणले जातात आणि मार्टेन्साइट नावाची अत्यंत कठीण रचना तयार होते. कार्बनी पोलादाला हा अवधी फार थोडा असतो. सुमारे एक टक्का कार्बन असलेले पाते जवळजवळ एका सेकंदाच्या आत साडेपाचशे अंशांच्या खाली आले नाही, तर ते पूर्णपणे कठीण होत नाही.

वैद्याला हे सारे नवखे वाटण्याचे कारण नाही. पुटातून काढलेले संपुट आपण ‘स्वांगशीत’ होऊ देतो. पोलादाची पट्टी लाल तापवून भट्टीतच स्वांगशीत होऊ दिल्यास ती इतकी मऊ होते की कानशीने सहज घासता येते आणि तिला भोकही पाडता येते. पात्याला आकार देण्यापूर्वी हेच करावयाचे असते. उलट तप्त लोह द्रवात विझविणे म्हणजे निर्वाप, आणि तोही आपल्या नित्य परिचयाचा आहे.

निर्वाप आणि पायना

लोहाच्या सामान्य शोधनात तप्त लोहपत्रे तैल, तक्र, गोमूत्र, कांजी आणि कुलत्थक्वाथ यांत प्रत्येकी सात वेळा विझवितात. बाह्यतः ही क्रिया पायनेसारखीच दिसते. दोहोंतील भेद हेतूचा आणि मात्रेचा आहे. शोधनात वारंवार तापविल्याने पृष्ठभागावर ऑक्साइडचा थर येतो. विझविताना तो तडकून गळतो, पत्रा आतून ठिसूळ होतो आणि पुढील मर्दन सुकर होते. तेथे लोह मोडणे हेच इष्ट असते. पायनेत लोह मोडू नये पण कठीण व्हावे, असे उद्दिष्ट असते. म्हणून तेथे एकच बुडी, मोजका ताप आणि निवडलेले माध्यम लागते. अग्नी, द्रव आणि लोह तेच, पण मात्रेच्या फरकाने एकीकडे भस्माची पूर्वतयारी होते आणि दुसरीकडे वृद्धिपत्र.

तीन द्रवांचा क्रम

आता मूळ प्रश्नाकडे वळू. तप्त पाते पाण्यात बुडविले की त्याभोवती प्रथम वाफेचे आवरण तयार होते आणि ते उष्णतेला अडविते. पाण्यात मीठ किंवा क्षार विरघळलेला असल्यास त्याचे कण तप्त पृष्ठभागावर जमून फुटतात आणि हे आवरण लवकर मोडते. परिणामी क्षारजलात पाते साध्या पाण्यापेक्षाही वेगाने थंड होते. तैलाचा वेग पाण्याहून बराच कमी असतो. अभियांत्रिकीत शीतकारक द्रवांची तीव्रता ज्या अंकाने मोजतात, त्यात न ढवळलेल्या पाण्याला सुमारे १ धरले असता मिठाच्या पाण्याला सुमारे २ आणि तैलाला सुमारे ०.३ असा अंक येतो.

सुश्रुतांचा क्रम याच्याशी तंतोतंत जुळतो. क्षार तीव्र, उदक मध्यम, तैल मृदू. अस्थी आणि शल्य यांसाठी सर्वांत कठीण धार, मांसासाठी मध्यम, आणि सिरा-स्नायूंसाठीच्या बारीक, नाजूक शस्त्रांना सौम्य द्रव. नाजूक अग्राचे शस्त्र पाण्यात पाजल्यास ते वाकण्याचा किंवा तडकण्याचा धोका असतो. तैल हा धोका टाळते.

येथे एक मर्यादाही सांगितली पाहिजे. आजच्या पोलादात मँगनीज हे धातुद्रव्य हेतुतः मिसळलेले असते, त्यामुळे पाते जरा सावकाश थंड झाले तरी कठीण होते. अशा पोलादाचे दोन मिलिमीटर जाडीचे पाते पाण्यात विझविले काय किंवा तैलात विझविले काय, कठिनता जवळजवळ सारखीच येते, पाण्यात फक्त तडा जाण्याची भीती वाढते. प्राचीन पद्धतीच्या पोलादात मँगनीज अत्यल्प असे. त्याला तैलात पाजल्यास, विशेषतः जाड भागात, कठिनता कमी आणि चिवटपणा अधिक येई. म्हणजे त्रिविध पायनेचा भेद त्या काळच्या लोहाच्या बाबतीत आजच्यापेक्षा अधिक स्पष्ट असला पाहिजे. आजच्या पट्टीवर तोच फरक दिसला नाही म्हणून ग्रंथवचन खोटे ठरत नाही, आणि दिसला तरी तेवढ्याने आजच्या पोलादापेक्षा जुने शस्त्र श्रेष्ठ होते असेही सिद्ध होत नाही.

ताप हेच मर्म

तापमानाचे महत्त्व दाखविणारा एक ऐतिहासिक दाखला महाराष्ट्राशी निगडित आहे. सन १७९४ मध्ये मुंबईतील डॉ. हेलेनस स्कॉट यांनी ‘वूट्झ’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या भारतीय पोलादाचे नमुने लंडनला सर जोसेफ बँक्स यांच्याकडे धाडले. पुढील वर्षी जॉर्ज पिअर्सन यांनी त्यावरील प्रयोग रॉयल सोसायटीपुढे मांडले. हे पोलाद वस्तुतः दक्षिण भारतात आणि दख्खनमध्ये मुशीत तयार होई. लंडनमधील जेम्स स्टोडार्ट हे चाकू आणि शल्योपकरणे बनविणारे कारागीर त्याच्या प्रेमात पडले, आणि त्यांनी तरुण मायकेल फॅराडे यांच्यासमवेत १८२० मध्ये पोलादाच्या मिश्रणांवरील प्रयोग प्रसिद्ध केले. फॅराडे स्वतः लोहाराचे पुत्र होते. युरोपातील अनेक लोहारांच्या हातून मात्र वूट्झ घणाखाली भुगा होऊन फुटत असे. त्यातील कार्बन एक टक्क्याहून अधिक असल्याने नेहमीच्या सवयीने अति तापविणे त्याला सोसत नव्हते. उत्तम द्रव्य हाती असूनही अग्नीचे मान चुकल्याने ते वाया गेले.

योगायोगाने याच १७९४ च्या ऑक्टोबरमध्ये लंडनच्या जंटलमन्स मॅगझीनमध्ये पुण्याजवळ झालेल्या नासासंधानाचे वृत्त छापून आले. टिपूच्या सैन्याने नाक कापलेल्या कावसजी नावाच्या बैलहाक्यावर विटा करणाऱ्या जातीतील एका शल्यकर्त्याने ही शस्त्रक्रिया केली होती. शस्त्रकर्म आणि लोहकर्म या दोन्ही भारतीय विद्या एकाच वर्षी युरोपच्या दृष्टीस पडल्या. शस्त्रकर्माचा इतिहास आपण अभिमानाने सांगतो, लोहकर्माचा मात्र विसरतो.

आपल्या परंपरेतील कर्मार तापमान डोळ्याने ओळखे. मावळतीच्या उजेडात किंवा काळोख्या लोहारशाळेत पात्याचा रंग पाहणे ही त्याची मापनपट्टी होती. लोहचुंबक हे दुसरे साधन. ७७० अंशांच्या आसपास लोह चुंबकाला चिकटेनासे होते, त्यानंतर रंगाची आणखी एक छटा उजळली की पाते विझवावे, असा अनेक कारागिरांचा शिरस्ता आहे. विद्युत् भट्टीने हे अनुमान अंकांत आणून ठेवले आहे.

विद्युत् भट्टीतील कृती

प्रथम द्रव्यनिवड. बाजारात ईएन ४२ या नावाने मिळणाऱ्या स्प्रिंग-पोलादाच्या पट्टीत सुमारे ०.७ ते ०.८५ टक्के कार्बन असतो. नवशिक्यास ती सर्वांत सोयीची. भंगारातील मोटारीच्या कमानपट्ट्या स्वस्त पडतात, परंतु त्यांचे घटक निश्चित नसतात आणि वापराने पडलेले सूक्ष्म तडे पाणी देताना उघडे पडतात.

पात्याला आकार देताना धार पूर्ण पातळ करू नये. अर्धा ते एक मिलिमीटर जाडी राखावी, अन्यथा पातळ कड तडकते किंवा भट्टीत तिच्यातील कार्बन जळून जातो. आकार दिल्यानंतर पाते ८७० अंशांपर्यंत तापवून हवेत थंड करावे. घण आणि कानस यांनी आलेला अंतर्गत ताण याने निघतो आणि पुढे पाते वाकण्याची शक्यता घटते.

मुख्य तापनासाठी ०.८ टक्के कार्बनच्या पोलादाला सुमारे ८१५ अंश योग्य होत. भट्टी आधी या तापमानाला स्थिर करावी, मग पाते आत ठेवावे आणि त्याचा रंग भट्टीच्या भिंतीशी एकरूप झाल्यावर पाच ते दहा मिनिटे थांबावे. भट्टीतील हवेने पृष्ठभागावरील कार्बन जळतो आणि पापुद्रे सुटतात. ते टाळण्यासाठी मातीचा अगदी पातळ लेप देऊन तो पूर्ण वाळवावा. आपल्या कापडमातीच्या संपुटाचेच हे सूक्ष्म रूप म्हणावे. टंकणाचा लेप देण्याचा मोह टाळावा, कारण वितळलेले टंकण ठिबकून भट्टीच्या अग्निविटा खाते.

विझविण्यासाठी तीळ, शेंगदाणा किंवा तत्सम वनस्पती तैल ५० ते ६० अंशांपर्यंत कोमट करून घ्यावे. कोमट तैल पातळ असल्याने थंड तैलापेक्षा अधिक चांगले विझविते. भांडे धातूचे, खोल आणि झाकणाचे असावे. तैल निदान काही लिटर असावे, वाटीभर तैलात पाते विझत नाही. सांडशीने पाते काढताच क्षणाचाही विलंब न करता अग्र खाली ठेवून सरळ बुडवावे आणि धारेच्या दिशेने मागे-पुढे हलवावे. आडवे हलविल्यास एक बाजू आधी थंड होऊन पाते वाकते.

या अवस्थेत पाते सुमारे ६५ रॉकवेल सी इतके कठीण आणि काचेसारखे ठिसूळ असते. फरशीवर पडले तरी तुकडे होतात. म्हणून ते हाताला सोसेल इतके निवताच पुनस्तापन करावे. २०० अंशांवर दोन तास, मग थंड करून पुन्हा दोन तास ठेवल्यास कठिनता सुमारे ६० वर येते. मुळे, खोडे यांसारख्या चिवट द्रव्यांच्या कापणीसाठी २३० ते २५० अंश अधिक बरे. कठिनता थोडी उतरते, पण धार तुटत नाही. घासून चकचकीत केलेल्या पात्यावर उष्णतेने रंग चढतात. सुमारे २२० ते २३० अंशांना फिकट गवती पिवळा, २५५ च्या सुमारास तपकिरी, २८० ला जांभळा आणि ३०० ला निळा. कर्मार याच रंगांवरून पुनस्तापन साधत असे. भट्टी मोठ्या तापमानासाठी बनलेली असल्याने दोनशे अंशांवर ती मर्यादा ओलांडण्याचा संभव असतो. म्हणून एक चमकदार तुकडा साक्षीला ठेवून रंग पाहावा.

दोषांचे निदान

सुश्रुतोक्त आठ दोषांपैकी शेवटचे चार आकारमानाचे आहेत. पहिल्या चारांची कारणे मात्र भट्टीपाशी शोधता येतात.

वक्र : हवेतील पूर्वसंस्कार टाळला, किंवा पाते तिरके बुडविले.

कुंठ : ताप कमी पडला, भट्टीपासून तैलापर्यंत वेळ गेला, पृष्ठभागाचा कार्बन जळाला, किंवा पुनस्तापन अधिक झाले. कानस पात्यावरून घसरली तर पाते कठीण आहे, रुतली तर कुंठ आहे, ही साधी परीक्षा होय.

खंड : पुनस्तापन झाले नाही, अथवा ताप फार चढला. नमुन्याची पट्टी मोडून पाहावी. तुटलेला भाग मखमलीसारखा राखाडी दिसल्यास ताप योग्य होता, साखरेसारखे दाणे चमकल्यास अति होता.

खरधार : हा बहुधा धार लावण्यातील दोष असतो. शिळा खडबडीत असणे किंवा शेवटी फळीवर वा चामड्यावर धार न फिरविणे हे त्याचे कारण.

याखेरीज एक दोष भट्टीत नव्हे, तर नंतर उत्पन्न होतो. यांत्रिक सहाणेवर कोरडी धार लावताना कड निळी पडली, तर तेवढ्या भागाचे पाणी उतरले असे समजावे. औषधशाळांतील पुष्कळ चांगली पाती अशी वाया जातात, आणि दोष मात्र पोलादाला दिला जातो.

औषधशाळेतील पथ्ये

हा विषय कुतूहलापुरता नाही. खंड झालेल्या पात्याचा कण चूर्णात जाऊ शकतो, आणि तो रुग्णाच्या पोटात जाईपर्यंत कोणाच्या लक्षात येतोच असे नाही. म्हणून कापणीची पाती नीट पाणी दिलेली असणे, ती रोज पाहणे आणि चूर्ण चुंबकावरून जाऊ देणे ही औषधशाळेची जबाबदारी आहे.

ज्या भट्टीत हिंगुळ, हरताळ किंवा कज्जलीयुक्त द्रव्ये तापविली गेली आहेत, तीत औषधाला लागणारे पाते कदापि तापवू नये. पारद, गंधक आणि सोमल यांचे अंश सच्छिद्र विटांत शोषले जातात व पुन्हा तापल्यावर बाहेर पडतात. प्रयोगशाळेतील राखमान काढण्याची भट्टीही वापरू नये. पोलादाचे पापुद्रे मुशीत पडल्यास राखमान चुकीचे येते. यासाठी लहानशी स्वतंत्र भट्टीच ठेवावी, हे उत्तम.

तैलाने पेट घेतल्यास पाणी न टाकता झाकण लावावे. भट्टीचे दार उघडण्यापूर्वी वीजप्रवाह बंद करावा, कारण सांडशीचा स्पर्श तापतारेला झाल्यास झटका बसतो. दाहक क्षाराच्या द्रावणात तप्त लोह विझविण्याचा प्रयोग मुळीच करू नये, त्याचा शिंतोडा डोळा गमावण्यास पुरेसा आहे. क्षारपायनेचे स्वरूप पाहावयाचे असल्यास मिठाचे पाच ते दहा टक्के पाणी पुरते.

ओली हरीतकी, आमलकी यांसारखी कषायरसप्रधान द्रव्ये कार्बनी पोलादाने कापू नयेत. त्यांतील टॅनिनचा लोहाशी संयोग होऊन द्रव्य काळे पडते. त्यांसाठी स्टेनलेस स्टीलच योग्य. कार्बनी पाते वापरानंतर पुसून त्याला तैलाचा हात द्यावा.

आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, येथे वर्णिलेले पाते रुग्णावर वापरण्यासाठी नाही. शस्त्रकर्मासाठी निर्जंतुक, एकवार वापरावयाची प्रमाणित पातीच वापरली पाहिजेत. त्यांतील अनेक आजही कार्बनी पोलादाचीच असतात, हे मात्र विद्यार्थ्यांना अवश्य सांगावे.

अध्यापनासाठी एक सूचना

महाविद्यालयांच्या शल्यतंत्र विभागांत सुश्रुतोक्त शस्त्रांच्या प्रतिकृती काचेच्या कपाटांत मांडलेल्या असतात. त्या बहुधा साध्या लोखंडाच्या, मुलामा दिलेल्या असतात. त्यांना कधी पाणी दिलेले नसते. त्या पाहून आकार कळतो, शस्त्र कळत नाही.

त्याऐवजी एक सोपा प्रयोग सुचवावासा वाटतो. एकाच पट्टीचे पाच तुकडे घ्यावेत. सर्व तुकडे ८१५ अंशांपर्यंत तापवावेत. एक भट्टीतच स्वांगशीत होऊ द्यावा, एक मिठाच्या पाण्यात, एक साध्या पाण्यात आणि दोन तैलात विझवावेत. तैलातील एकाचे पुनस्तापन करावे. थंड झाल्यावर प्रत्येकावर कानस फिरवावी आणि प्रत्येक तुकडा शेगड्यात धरून, कापडाने झाकून, डोळ्यांवर चष्मा लावून वाकवून पाहावा. स्वांगशीत तुकडा मऊपणे वाकेल. पुनस्तापन न झालेले तीन तुकडे कानशीला दाद देणार नाहीत, पण वाकण्याआधीच तुटतील. मिठाच्या पाण्यातील तुकड्याला कदाचित आधीच तडा गेलेला आढळेल. पुनस्तापन झालेला तुकडा कठीण असूनही या तिघांपेक्षा अधिक ताण सहन करील. दोन तुकडे जाड पट्टीचेही घेतल्यास पाणी आणि तैल यांतील भेद अधिक स्पष्ट होईल. हे प्रात्यक्षिक विद्यार्थी जन्मभर विसरणार नाहीत.

या प्रयोगाला परिसरातील एखाद्या ज्येष्ठ लोहाराला सन्मानाने बोलवावे, अशी विनंती आहे. त्याने रंग पाहून ताप सांगावा आणि आपण थर्मोकपलचा अंक वाचावा. दोन्हींची नोंद शेजारीशेजारी ठेवावी. गावोगावच्या लोहारशाळा बंद होत आहेत आणि पुढची पिढी त्या व्यवसायात उतरत नाही. सुश्रुतांनी ज्याला कर्मकोविद म्हणून गौरविले, त्या कारागिराची नजर त्याच्याबरोबर नाहीशी होण्यापूर्वी अंकांत उतरवून घेण्याचे साधन आज आपल्या हाती आहे. ज्या औषधशाळांकडे भट्टी आहे त्यांनी ती द्यावी, ज्या विभागांकडे विद्यार्थी आहेत त्यांनी ते पाठवावेत, आणि आलेल्या नोंदी या त्रैमासिकाकडे अवश्य धाडाव्यात. त्रिविध पायना हे पाठांतराचे वचन न राहता हाताने पडताळलेले ज्ञान व्हावे, एवढीच वैद्यबंधूंकडून आणि औषधनिर्मात्यांकडून अपेक्षा आहे.